चार घरांत वाटलेली कादंबरी

भाऊच्या धक्क्यावर पोचलो तरी कुसुमचं भांडण संपलं नव्हतं.

"पुस्तक शोधायला कुणी समुद्र ओलांडतं का, इंदू? पुस्तकं गिरगावात मिळतात. चौलला सुपारी मिळते."

"सुपारीही आणू," मी म्हटलं आणि तिची पिशवी उचलून लाँचच्या फळीकडे चालू लागले. पिशवी माझ्या हातात गेली की कुसुम मागोमाग येते, हे मला शाळेपासून ठाऊक आहे.

कॉन्व्हेंटात आम्ही एका बाकावर बसायचो. शिवणाच्या तासाला सिस्टर रुमालावर गुलाब भरायला सांगायच्या, आणि त्या गुलाबाखाली, दोघींच्या मांड्यांवर मिळून, एक पुस्तक उघडं असायचं. कुसुमचं वाचन घोड्यासारखं, माझं बैलासारखं. तिचं पान संपलं की ती माझ्या मांडीला चिमटा काढायची. म्हणजे आटप, मला उलटायचंय. लग्नं झाली, मुलं झाली, तरी दर गुरुवारी दुपारी तिच्या घरी पुस्तकांच्या कपाटासमोर बसून आम्ही वाचत आलो. पुढे आणखी बायका आल्या, मंडळ झालं. चिमटा तेवढा थांबला.

आणि मग कुसुमचे यजमान गेले, आणि कुसुमचं वाचन सुटलं. तिनं तक्रार केली नाही, रडली तर मुळीच नाही. फक्त पुस्तक हातात घ्यायची, पाचव्या पानावर मिटायची आणि म्हणायची, "शेवट कळला." खरोखरच कळलेला असायचा, ही त्यातली वाईट गोष्ट. यंदा तिच्या मुलानं, अशोकनं, रेडिओग्राम घ्यायचं ठरवलं. तो ठेवायला जागा एकच, कपाटाची. कुसुम म्हणाली, "ने ते कपाट. पुस्तकं रद्दीवाल्याला घाल."

मी त्या रात्री जेवले नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन तिला म्हटलं, "माझ्याबरोबर चार दिवस बाहेर चल. शेवट कळणार नाही असं एक पुस्तक तुला शोधून दिलं तर कपाट राहील. नाही दिलं तर रद्दीवाल्याला मी स्वतः बोलावीन."

"आणि गुरुवार?"

"गुरुवारही त्याच्याबरोबर जाईल," मी म्हटलं. 

आता चौलच का, तर माझं मत असं की आम्ही मंडळातल्या बायका एकमेकींना तीच ती पुस्तकं सुचवत होतो. भिशीचे पैसे फिरतात ना, तशी. नवं पुस्तक हवं तर आपल्याहून वेगळ्या माणसाला विचारावं. आमच्या यांच्या कचेरीतल्या एका गृहस्थांचे मेहुणे, दामूअण्णा, चौलचे बागाईतदार. त्यांच्याकडे उतरायचं ठरलं. मी त्यांना कार्ड टाकलं: 'आम्ही दोघी मैत्रिणी येत आहोत. आपल्या बाजूची स्थळं पाहण्याची फार दिवसांची इच्छा आहे. नवं काही मनासारखं मिळालं तर मुंबईला घेऊनच जाऊ म्हणते.'

'पुस्तक' हा शब्द लिहायचा राहिला, कारण कार्डावरची जागा संपली. बाकी मजकुरात काही वावगं आहे असं मला पुन्हा वाचतानाही वाटलं नाही. कॉन्व्हेंटात आम्हांला मराठी जेमतेम शिकवत, आणि 'स्थळ' या शब्दाला शुद्धलेखनाच्या वहीबाहेर आणखी एक अर्थ आहे याची आठवण कुणी करून दिली नाही.

जाणाऱ्यांसाठी सांगते: रेवसची सकाळची पहिली लाँच धरा. नंतर वारा उठतो आणि लाँच नाचते. दाताखाली लिंबाची फोड धरून इंजिनापासून लांब बसावं. तिकीट मुंबईतल्या टॅक्सीपेक्षा स्वस्त. रेवसच्या धक्क्यावर एस.टी. उभीच असते, पण लाँचमधून उतरणारे सगळे तिच्याकडे पळतात, तेव्हा पळण्याची लाज धरू नका. आम्ही धरली आणि उभ्यानं अलिबागला गेलो. अलिबागला गाडी बदलली. चौल-रेवदंड्याच्या गाडीत मात्र बसायला मिळालं आणि कुसुमला बोलायला सुचलं.

"फार जाड नको हं, इंदू. मला हल्ली झेपत नाही."

"जाडीचं काय घेऊन बसलीस? बांधणी मजबूत हवी."

"वरच्या रंगावर तर मी जातच नाही. आत काय आहे ते पाहायचं."

"जुनं चालेल?"

"चालेल की. दोन-चार घरी फिरून आलेलं असलं तरी माझी काही हरकत नाही."

आमच्या डोक्यावर उभ्या असलेल्या कंडक्टरच्या हातातला चिमटा खाली पडला. सगळे त्यांना तात्या म्हणत होते. पांढऱ्या मिशा, टोपी कपाळावर. तिकिटं देताना आणे आणि नवे पैसे यांचा हिशोब मनात जुळवत त्यांनी आमच्याकडे नीट निरखून पाहिलं.

"कुणाकडे उतरायचं, बाई?"

"दामूअण्णांकडे."

"अस्सं!" तात्या म्हणाले, आणि आमच्या जागेवरून पुढे ड्रायव्हरपर्यंत जाताना प्रत्येक बाकाशी थोडं थोडं वाकले.

चौलला उतरलं की ऊन मागे राहतं. रस्त्याला दोन्हीकडून सुपारीच्या वाड्या, त्यांच्या खाली ओली थंड सावली, रहाटाचा कुरकुर आवाज आणि पोफळींवर चढलेले पानांचे वेल. कुसुमनं मान वर करून पाहिलं आणि भाऊच्या धक्क्यानंतर पहिल्यांदा गप्प झाली. मला वाटलं, अर्धं काम झालं.

दामूअण्णांच्या ओटीवर सतरंजी घातलेली होती. दामूअण्णा कोट घालून बसले होते. घरात, भर दुपारी, कोट. आम्ही पाय धुऊन टेकतो न टेकतो तो पोहे आले, ओलं खोबरं आणि कोथिंबीर घातलेले. ते घेऊन एक मुलगी आली. चोवीस-पंचवीसची, काठापदराची साडी, केसांत अबोली, नजर तिच्या स्वतःच्या पायांच्या अंगठ्यांवर.

"ही सुधा," तिची आई म्हणाली. "पोहे हिनंच केलेत."

"छान झालेत," कुसुम म्हणाली. ती पोह्यांबद्दल कधी खोटं बोलत नाही.

दामूअण्णांनी घसा साफ केला. "पत्रिका आणली आहे का?"

"पत्रिका नकोत हो," मी म्हटलं. "मासिकं आमच्याकडे ढिगानं येतात. जरा भक्कम काही हवंय."

दामूअण्णा विचारात पडले. मग कुसुमकडे वळले. "चिरंजीव काय करतात?"

"माझे? ते रेडिओग्राम घेतायत."

यावर दामूअण्णांनी आणि सुधाच्या आईनं एकमेकांकडे असं पाहिलं, की बरी परिस्थिती दिसते. मला वाटलं, कोकणातली माणसं फार अगत्यशील. आणि ज्या कामासाठी आलो त्याला हात घालावा म्हणून मी सुधाला विचारलं, "वाचनाची आवड आहे का गं तुला?"

"हो," अंगठ्यांना उद्देशून सुधा म्हणाली. "फावल्या वेळात."

"हल्ली काय वाचलंस?"

 सुधाचा चेहरा एकदम कोरा झाला. पुढे मला कळलं की पहिला प्रश्न तिला प्रत्येक वेळी विचारला गेला होता, दुसरा कधीच कुणी विचारला नव्हता.

"ती विणकामही करते," आई घाईनं म्हणाली.

"विणकाम राहू द्या," कुसुम म्हणाली. "काय वाचलंस ते सांग."

सुधानं मान वर केली. "खरंच सांगू?"

"म्हणजे काय! त्यासाठी तर लाँचनं हेलकावे खात आलो."

"एका कादंबरीची पहिली जुडी वाचतेय. दुसरी हलीमाबींकडे आहे. तिसरी रेवदंड्याला रिबेकाबाईंकडे आणि चौथी कोळीवाड्यात."

आता विचारात पडायची पाळी आमची होती.

सुधानं आम्हांला वाडी दाखवायला म्हणून मागे नेलं आणि तिथं रहाटाच्या आडोशाला सगळा उलगडा केला. पुस्तकं इथं कमी आणि वाचणाऱ्या बायका जास्त. एक पुस्तक एका घरात महिनाभर पडून राहायचं. मग तिनं एका जाड कादंबरीचा दोरा उसवला. शिवलेली पानं सुटी झाली, त्यांचे चार भाग केले आणि पानवेलीची पानं बांधतात तशा केळीच्या सोपटानं, म्हणजे खोडाच्या वाळल्या सालीनं, चार जुड्या बांधल्या. एका घरी वाचून झाली की जुडी मासळीवालीच्या पाटीतून पुढच्या घरी जाते. पहिला मान कोळीवाड्याचा, कारण होडी निघाली की त्यांची माणसं घरात नसतात. सगळ्यांत शेवटी सुधा.

"शेवटी का? पुस्तक तुझं ना?"

"वाढणारीनं शेवटी जेवायचं, मावशी."

नियम एकच होता: पुढचं सांगायचं नाही. सांगेल तिची पाळी पुढच्या पुस्तकाला सर्वांच्या मागून.

"नाव काय कादंबरीचं?"

"कव्हर कधीच गेलंय. आम्ही तिला दीपगृहवाली म्हणतो." मग ती थोडी अडखळली. "आणि मावशी, आणखी एक. तुम्ही मला पाहायला आला आहात असं घरात सगळ्यांना वाटतंय."

कुसुम मटकन रहाटाच्या कट्ट्यावर बसली. माझ्या डोळ्यांसमोरून माझं कार्ड, गाडीतलं बोलणं, दामूअण्णांचा कोट अशी एकेक गोष्ट सरकत गेली आणि शेवटी 'दोन-चार घरी फिरून आलेलं' आठवलं तेव्हा मी पदर तोंडावर घेतला.

"मी आत्ता जाऊन सांगते," मी उठले.

"सांगा, पण ते ऐकणार नाहीत," सुधा म्हणाली. तिचा आवाज हलका होता, पण हसरा नव्हता. "आणि मावशी, तुम्हांला दुसरी जुडी हवी असेल तर हलीमाबींकडे मी तुम्हांला नेऊ शकते. एरवी मला आई एकटीला सोडत नाही. मुलाकडच्या बायकांबरोबर सोडेल."

तरी मी सांगितलं. स्वयंपाकघरात गेले आणि सुधाच्या आईला स्पष्ट म्हटलं, "वहिनी, आमचं तसं काही नाही हो."

"हो ना," त्या समजूतदारपणे म्हणाल्या. "मुलाकडचे आधी असंच म्हणतात."

रात्री तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि सोलकढी. जेवण झाल्यावर कुसुमनं पहिली जुडी मागितली. "पाच पानं," ती मला म्हणाली. "पाच पानांत शेवट सांगते बघ."

बंदराशी एक दीपगृह. त्याच्या पायथ्याला यमुना नावाची मुलगी आणि तिची आई. यमुनेचा भाऊ लहानपणी वादळात हरवलेला. तिचं ज्याच्याशी ठरलेलं तो गलबतावर गेला तो परत न आलेला. माडीवर एक भाडेकरू, तो कधी कुणाला दिसत नाही, भाडं मात्र महिन्याच्या पहिल्या तारखेला उंबऱ्यावर ठेवलेलं.

"हा भाडेकरू कशाला घातलाय?" कुसुम पाचव्या पानावर म्हणाली. "लेखकाला पानं भरायची असतील. ठरलेला नवरा शेवटी परत येणार. झालं." आणि तिनं जुडी मिटली.

माझं मन खचलं. कपाट गेलं, मी मनात म्हटलं.

पण सोपट बांधता बांधता तिची नजर सहाव्या पानावर गेली असावी. कारण मी अंथरुणावर पडले तेव्हा ती अजून कंदिलापाशी होती, आणि सकाळी उठून पाहते तर आंघोळ करून तयार. "तुझं आटप," ती म्हणाली. "हलीमाबी कुठे राहतात?"

हलीमाबींचं घर मशिदीच्या अलीकडे. यजमान बोटीवर नोकरीला, घरात त्या आणि त्यांच्या सासूबाई. आम्ही पायरी चढलो आणि आतून कांदा परतल्याचा वास आला.

"या, बसा. आमच्यात पाहायला येतात तेव्हा दुसरं करतात," हलीमाबी म्हणाल्या, "पण तात्या कंडक्टर म्हणाले, मुंबईचे लोक हायत, पोहेच लागतील. मुलगी आमच्या गावची हाय म्हणा. सोन्यासारखी."

सुधा भिंतीकडे तोंड करून हसत होती. आम्ही पोहे खाल्ले. कुसुम चमच्यानं खात होती आणि डाव्या हातानं दुसरी जुडी उलटत होती. सासूबाईंना ते बघवेना. त्या म्हणाल्या, "खरी किताब ही," आणि कापडात गुंडाळलेलं एक जाडजूड पुस्तक काढलं. दर्यावरच्या सफरींच्या उर्दू गोष्टी. कुसुमनं ते सवयीनं डावीकडून उघडलं.

"या अल्ला, ही बाई शेवटापासून वाचते!"

"तशीच आहे ती," मी म्हटलं. "तिला सगळ्याचा शेवट आधी कळतो."

सासूबाईंनी पुस्तक उलटं फिरवून दिलं आणि मग अक्षरावर बोट ठेवत, आमच्यासाठी आपल्या मराठीत, एक गोष्ट सांगितली. एक नाखुदा आपल्या बंदराचा वास ओळखून अंधारात गलबत घरी आणतो अशी. मला लिपी येत नाही याचं त्या दुपारी जेवढं वाईट वाटलं तेवढं पूर्वी कधी वाटलं नव्हतं. वाचकांना माझी शिफारस अशी: आपल्याला न येणाऱ्या लिपीतलं एक तरी पुस्तक कुणाकडून तरी वाचून घ्या. पोहे खावे लागले तरी चालेल.

"चला," कुसुम मध्येच उठली. "जुडी संपली. यमुनेच्या दारावर मध्यरात्री थाप पडलीय."

रेवदंडा तिथून पायी जाण्यासारखा. उन्हाची काळजी नको, वाड्यांची सावली शेवटपर्यंत सोबत असते. किल्ल्याच्या तटाच्या आत घरं, विहिरी, नारळ, सगळं नांदतं. त्या दिवशी शनिवार. रिबेकाबाई बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या यहुदी. त्यांच्या घरच्यांचा पूर्वी तेलाचा घाणा होता आणि शनिवारी तो बंद असायचा. घाणा गेला तरी शनिवारची सुट्टी टिकून होती. घरात ट्रंका बांधलेल्या दिसल्या. त्यांचे दोन्ही मुलगे इस्रायलला गेले होते आणि आता आईला बोलावत होते.

"बसा," त्या म्हणाल्या. "शनिवारी आम्ही चूल पेटवत नाही, म्हणून कालच करून ठेवलंय." आणि आमच्यासमोर बशा आल्या. गूळ, खोबरं, वेलची घातलेले गोड पोहे.

मी कुसुमकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर दोघींना हसू आवरलं नसतं.

रिबेकाबाईंनी आपलं आवडतं पुस्तक दाखवलं ते कीर्तनाच्या आख्यानांचं होतं. जुन्या पैगंबरांच्या गोष्टी, पण सगळ्या मराठी ओव्यांत. शाळेत सिस्टरकडून मी इंग्रजीत ऐकलेल्या त्याच गोष्टी. तिथं त्या फार लांबच्या वाटायच्या. इथं भावांनी भावाला विकलं ती सरळ सरळ आपली भाऊबंदकी होती. "हे बरोबर नेणार," त्या म्हणाल्या. "तिकडे कुणाला मराठी समजो न समजो." मग दारातून वाडीकडे पाहून म्हणाल्या, "दीपगृहवालीची चौथी जुडी मात्र इथंच वाचून जाणार. त्याशिवाय मी बोटीवर पाय ठेवायची नाही, असं मुलांना कळवलंय."

तिसरी जुडी कुसुमनं त्यांच्या झोपाळ्यावर बसून वाचली. मी शेजारी. संध्याकाळ होत आली तेव्हा ती शेवटच्या पानावर पोचली आणि किंचाळली.

"काय झालं?"

तिनं पान माझ्यासमोर धरलं. वादळी रात्र. दार उघडतं. दाढी वाढलेला माणूस उंबऱ्यावर उभा. तो म्हणतो, 'यमुने, घाबरू नकोस. मी तुझा भा-'

पान संपलं. जुडी संपली.

"भाऊ!" मी म्हटलं.

"भावी पती!" कुसुम म्हणाली.

"आमच्याकडे तीन आठवडे हेच चाललंय," रिबेकाबाई म्हणाल्या. "मी भावाच्या बाजूची. ट्रंका बांधणारा माणूस भावीवाला आहे, म्हणून दोन दिवस ट्रंका बांधायच्या थांबल्या होत्या."

"सुधे, काय आहे पुढे?"

"मला काय ठाऊक, मावशी? मी सगळ्यांत शेवटी ना!" सुधाच्या तोंडावरही तीच तहान होती. चौथी जुडी जिथं होती त्या एकाच घराला काय ते ठाऊक होतं.

आम्ही जवळजवळ पळत कोळीवाड्यात गेलो. बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळत होते. पारूबाई जाळ्यापाशी बसल्या होत्या.

"जुडी? ती न्हाय गो बाय," त्या म्हणाल्या. "आमचा नाखवा दर्यावर घेऊन गेलाय. खलाशांना वाचून दाखवतो ना! उद्या भरतीला येल."

"पण तुम्हांला माहीत असेल, पारूबाई. भाऊ की भावी?"

"मला ठावं हाय," पारूबाई निवांतपणे म्हणाल्या. "पन पुढचं सांगाचं न्हाय." आणि नियम मोडायला लागू नये म्हणून त्यांनी आम्हांला मुलीचं भूगोलाचं पुस्तक दाखवलं. ते त्यांचं सर्वांत आवडतं. त्यातल्या नकाशात रेवदंडा नव्हता, तर मुलीकडून त्यांनी पेन्सिलीनं टिंब काढून घेतलं होतं. टिंब गोव्याहून मोठं होतं. निघताना त्यांनी पोह्यांचं विचारलं तेव्हा मात्र मी हात जोडले.

दुसऱ्या दिवशी आम्हांला परतायचं होतं. सकाळच्या गाडीनं अलिबाग, तिथून रेवस, तिथून लाँच. दामूअण्णांनी नारळ बांधून दिले, सुधाच्या आईनं ओटी भरली, आणि मी पुन्हा "तसं काही नाही हो" म्हटलं, आणि त्यांनी पुन्हा माझ्या विनयाचं कौतुक केलं. बसायला मिळावं म्हणून आम्ही गाडी सुटते त्या रेवदंड्याच्या स्टँडवर गेलो, आणि सुधा पोचवायला आली. गाडी लागली होती. तात्या दारात.

कुसुम गाडीत चढली नाही. "भरती केव्हाची आहे?" तिनं विचारलं.

"कुसुम, लाँच चुकेल."

"चुकू दे."

"उद्या अशोक रेडिओग्राम आणणार आहे."

"ठेवू दे त्याला डोक्यावर!" कुसुम म्हणाली आणि बंदराकडे चालू लागली. या खेपेस पिशवी तिच्याच हातात होती आणि मागून मी जात होते.

ते चालणं पाहून मला काय झालं ते लिहिता येणार नाही. इतक्या दिवसांनी ती घाईत होती.

"तात्या, थोडं थांबाल का?" मी ओरडले. "अजून ठरायचंय!"

"थांबतो, थांबतो!" तात्या म्हणाले. "अशी कामं घाईनं होत न्हाईत."

बंदरावर रिबेकाबाई आधीच येऊन बसल्या होत्या. हलीमाबीही बुरखा सावरत आल्या. खाडीच्या तोंडाशी शीड दिसलं, होडी लागली, आणि गुडघाभर पाण्यातून नाखवा बिस्किटांचा पत्र्याचा डबा डोक्यावर धरून चालत आला. सुधानं डबा उघडला. माशांचा वास इतका उठला की कावळे जवळ सरकले. तिनं जुडी कुसुमच्या हातात दिली. वाढणारीनं शेवटी.

कुसुम उपड्या होडीवर बसली, चष्मा पुसला आणि पहिल्या पानावरचा पहिला अर्धा शब्द वाचला.

"'-डेकरू.'"

कुणाला काही कळेना.

"भाडेकरू," कुसुम सावकाश म्हणाली. "'यमुने, घाबरू नकोस. मी तुझा भाडेकरू.'"

आधी नाखवा हसला, कारण त्याला ठाऊक होतं. मग आम्ही सगळ्याच. रिबेकाबाई इतक्या हसल्या की हलीमाबींना त्यांना धरावं लागलं.

"घरमालकिणीला 'तुझा' म्हणतो?" कुसुम चिडून म्हणाली.

"तोच तर मुद्दा आहे, मावशी!" सुधा म्हणाली. "वाचा ना पुढे!"

कुसुमनं मोठ्यानं वाचलं. सगळी जुडी. मी तिच्या खांद्यावरून तीच पानं वाचत होते, आणि मध्येच कुठेतरी, पान उलटायच्या आधी, माझ्या मांडीला चिमटा बसला.

माझ्या डोळ्यांना पाणी आलं ते यमुनेसाठी होतं असं सगळ्यांना वाटलं. मी तसंच वाटू दिलं.

शेवटच्या पानावर भाडेकरू आणि यमुना यांचं लग्न होतं. कुसुमनं जुडी रिबेकाबाईंच्या हातात दिली आणि नाक पुसलं. तेवढ्यात धापा टाकत तात्या आले. "बाई, ड्रायव्हर हॉर्न मारून दमला. ठरलं का एकदाचं?"

"ठरलं हो," कुसुम हुंदका देत म्हणाली. "मला तर शेवटपर्यंत वाटलं नव्हतं. पण ठरलं!"

तात्यांनी टोपी काढून सुधाकडे पाहिलं, मग आकाशाकडे. मी सांगायला तोंड उघडलं, पण सुधानं माझा हात दाबला. "मी घरी सांगते सगळं. पण आठ दिवसांनी. तेवढे सुखानं वाचीन." गाडीत आम्हांला पुढची जागा मिळाली. तात्यांनी घंटा दोनाऐवजी तीनदा मारली आणि मागल्या बाकावरच्या म्हातारीनं आपल्या पदरातला गूळ सगळ्या गाडीत वाटला. अलिबागपर्यंत मी तोंड खाली घालून तो गूळ खात होते.

आता घरी येऊन महिना झाला. जाणाऱ्यांना एवढंच सांगीन: सुपारी चौलला घ्या, पांढरा कांदा अलिबागला, आणि कार्ड लिहिताना पुढचं-मागचं पाहून लिहा. बरोबर एक तरी पुस्तक न्या. ते उसवायची मनाची तयारी ठेवा.

मला ती नव्हती. पहिल्याच गुरुवारी कुसुमनं शिवणाची कात्री घेतली आणि कपाटातल्या सर्वांत लाडक्या पुस्तकाचा दोरा कापला तेव्हा मी डोळे मिटून घेतले. सिस्टरनी पाहिलं असतं तर आम्हांला पुन्हा रुमाल भरायला बसवलं असतं. आता मंडळातल्या बायका एकाच वेळी एकच पुस्तक वाचतात आणि जिन्यात भेटल्या की ओठ घट्ट मिटून गप्प राहतात.

दामूअण्णाही येऊन गेले. सुधानं सांगून टाकलं होतं. कोट घालून, रागवायला म्हणूनच आले होते. मी कार्डाबद्दल त्यांची मनापासून क्षमा मागितली. त्यांनी कोटाची बटणं सोडली. मग म्हणाले, "चूक आमचीही आहे. इतके लोक येऊन गेले, पण तिला दुसरा प्रश्न विचारायचा असतो हे कुणालाच सुचलं नाही. मलासुद्धा." कुसुमनं चहा केला. पोहे करायचा धीर तिला झाला नाही. जाताना त्यांनी सुधासाठी दोन पुस्तकं मागून नेली.

कपाट जागच्या जागी आहे. पण रिकामं. एकेक जुडी कुठल्या तरी घरी आहे, आणि पुस्तकांची एक पिशवी दर शनिवारी रेवसच्या लाँचवर जाते, ती तात्या पुढे चौलला पोचवतात. रेडिओग्राम दुकानातच राहिला. अशोक म्हणाला, सध्या घाई नाही.

ती पिशवी धक्क्यावर नेऊन द्यायचं काम त्याच्याकडे आहे. आजवर एकही पुस्तक न उघडलेला हा मुलगा परवा मला विचारत होता की दीपगृहवाली कुठे मिळेल. आणि गेल्या शनिवारी पिशवी लाँचवर द्यायला म्हणून गेला, तो पिशवीबरोबर स्वतःही लाँचमध्ये बसला.

कुसुमला मी विचारलं, काय वाटतं तुला? पाचव्या पानावर शेवट ओळखणारी बाई. तिनं हातातली जुडी उलटली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "पुढचं सांगायचं नाही."